वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकासाठी डीडीआर ५ चा आग्रह धरावा का?

या वेळच्या पत्रांचा विषय एकच आहे. संगणक जुना झाला आहे, मेमरी वाढवायची आहे, आणि दुकानात गेल्यावर रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, दोन पिढ्यांपैकी जुनी डीडीआर ४ घ्यावी की नवी डीडीआर ५, हे ठरत नाही. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीच्या किमती अशा चढल्या आहेत की चुकीची खरेदी पूर्वीसारखी सहज पचत नाही. त्यामुळे पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे. बाकीची पत्रे त्याच धाग्यातली असल्याने त्यांची उत्तरे आटोपशीर ठेवली आहेत.

प्रश्न : सांगलीत माझा डीटीपीचा आणि लग्नाचे अल्बम तयार करण्याचा व्यवसाय आहे. संगणकात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, डीडीआर ४ ची २६६६ वेगाची ८ जीबीची एकच स्टिक आणि एसएसडी आहे. फोटोशॉपमध्ये अल्बमची पाने उघडली की यंत्र रखडते. संगणक दुरुस्तीला येणारे गृहस्थ म्हणतात की डीडीआर ४ आता बंद होत आहे, तेव्हा तिच्यात पुन्हा पैसे घालण्यापेक्षा डीडीआर ५ वर जावे. मी काय करावे?
एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पत्रातल्या शब्दांवरून ती आपल्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. डीडीआर ५ ची स्टिक, म्हणजे मेमरीची पट्टी, आपल्या मदरबोर्डावर बसतच नाही. दोन्ही स्टिकना २८८ पिना असतात आणि लांबीही सारखीच दिसते, पण खालच्या कडेची खाच थोडी सरकवलेली असते, ती मुद्दामच. डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट लागतात आणि ते बोर्डाकडून येतात. डीडीआर ५ चालते १.१ व्होल्टवर आणि तो दाब नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच बसवलेली असते. शिवाय मेमरीशी बोलणारा भाग हल्ली प्रोसेसरमध्येच असतो आणि आपल्या रायझन ३६०० ला डीडीआर ४ खेरीज दुसरे काही कळत नाही. म्हणजे डीडीआर ५ वर जायचे तर मेमरी, बोर्ड आणि प्रोसेसर ही तिन्ही एकदम बदलावी लागतील. कॅबिनेट, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि फाइली साठवणारी एसएसडी तेवढी उरतील. ही नव्या संगणकाची खरेदी आहे, आणि तिचा विचारही तसाच करायला हवा.

आता आपल्या अडचणीकडे वळू. बारा बाय छत्तीस इंचांचे अल्बमचे एक पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, उघडले तर त्यात ३,६०० गुणिले १०,८०० म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक बाइट धरला, तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला (चित्राच्या एका थराला) सुमारे ११७ एमबी लागतात. पार्श्वभूमी, वधूवरांचे फोटो, फुलांची नक्षी, सावल्या असे दहा-बारा लेयर झाले आणि त्यावर मागे जाण्यासाठी फोटोशॉप राखून ठेवते त्या आधीच्या अवस्था मिळवल्या, की एकच पान एक जीबीच्या पुढे जाते. आपण अशी तीन-चार पाने एकत्र उघडत असाल, शेजारी ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅपही चालू असेल, तर ८ जीबी कधीच संपलेले असतात. मग विंडोज आणि फोटोशॉप दोन्ही मेमरीपेक्षा बऱ्याच संथ असलेल्या एसएसडीचा आधार घेतात आणि आपल्याला वाटते की यंत्र म्हातारे झाले. फोटोशॉपसाठी ॲडोबी कंपनी स्वतःच किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते.

हा माझा अंदाज आपण स्वतः पडताळून पाहावा. नेहमीचे काम ऐन रंगात असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक करावे. वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास चिकटून बसला असेल, तर दोष क्षमतेचा आहे. तो साठ टक्क्यांवरच असेल आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर कोणतीही रॅम घालून उपयोग नाही; ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. याच पडद्यावर मेमरी सध्या कोणत्या वेगाने चालते आहे आणि किती स्लॉट भरलेले आहेत, हेही दिसते.

आपल्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द ‘एकच’ हा आहे. आपल्या प्रोसेसरला मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, ज्यांना चॅनेल म्हणतात, आणि एकच स्टिक असल्यामुळे त्यांतली एक आजवर बंद राहिली आहे. २६६६ वेगाची, म्हणजे सेकंदाला तितके दशलक्ष वेळा माहिती पाठवणारी, एक स्टिक सेकंदाला सुमारे २१.३ जीबी माहिती नेऊ शकते. तशाच दोन स्टिक दोन चॅनेलांवर लावल्या की ही मर्यादा ४२.६ वर जाते. याच्या शेजारी डीडीआर ५ चा आकडा ठेवून पाहावा. तिच्या ४८०० वेगाच्या एका स्टिकची मर्यादा ३८.४ जीबी आहे. म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड बदलून, मोठा खर्च करून, शेवटी पैसे कमी पडले म्हणून आपण डीडीआर ५ ची एकच स्टिक घातली, तर आजच्या बोर्डावर डीडीआर ४ ची जोडी लावून जे मिळाले असते त्याहूनही कमी पदरात पडेल. जोडीने मेमरी घ्या हा सल्ला जुनाच आहे, पण गावोगावच्या दुकानांत आजही तयार संगणक एका स्टिकवर विकले जातात आणि त्याची किंमत ग्राहक वर्षानुवर्षे मोजत राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा माझा सल्ला असा, की आपण डीडीआर ४ चीच ३२०० वेगाची १६ जीबीच्या दोन स्टिकची जोडी घ्यावी आणि जुनी स्टिक काढून ठेवावी. एवढा खर्च सध्या झेपत नसेल तर ८ जीबीची आणखी एक स्टिक घालून एकूण १६ करावेत. कामातला फरक त्यानेही लगेच जाणवेल. मात्र अशा वेळी जुन्या स्टिकवरचा कागद नीट वाचून घ्यावा. त्यावर ‘८ जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६’ अशा धर्तीची इंग्रजी ओळ असते. पीसी४ म्हणजे डीडीआर ४, २६६६ हा वेग, आणि १आर म्हणजे चिपची एकच रांग. या तिन्ही बाबी जुळणारी स्टिक मिळाली तर कुरबुर होण्याची शक्यता बरीच कमी होते. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जोडी लावावी. शेजारी शेजारी लावल्यास बहुतेक बोर्डांवर दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर जातात आणि जोडीचा हेतूच फसतो. नवी जोडी बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी प्रोफाइल (मेमरीच्या जाहीर वेगाचे तयार सेटिंग) चालू करावे, नाही तर पाकिटावर लिहिलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने मेमरी निमूट चालत राहील.

दुरुस्तीला येणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे निराधार नाही, हेही सांगायला हवे. डीडीआर ४ चे मानक २०१२ मध्ये आले आणि डीडीआर ५ चे जुलै २०२० मध्ये. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी जुन्या मेमरीकडून लक्ष काढून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि २०२५ च्या मध्यास घाऊक बाजारात काही काळ डीडीआर ४ च्या चिपचा भाव डीडीआर ५ च्याही वर गेला होता. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की कारखान्यांची क्षमता त्यांच्या खास मेमरीकडे वळली आणि डीडीआर ५ सुद्धा महागली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. पण या सगळ्याचा आपल्यापुरता अर्थ मी उलटा लावतो. जी मेमरी पुढे मिळणे कठीण होणार आहे, ती आपल्या चालू यंत्रासाठी आत्ताच पुरेशी घेऊन ठेवावी. डीडीआर ५ स्वस्त असती तर यंत्र बदलण्याच्या सल्ल्यात काही तथ्य होते. आज ते नाही.

मेमरी नवी आहे एवढ्यावरून ती घ्यावी असे ठरत नाही, याचा एक दाखला संगणकाच्या इतिहासातच आहे. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तेव्हा त्याच्यासोबत आरडीरॅम नावाची महागडी मेमरी घ्यावीच लागे. ती जोडीनेच लावावी लागे आणि रिकामे स्लॉटसुद्धा एका नुसत्या पट्टीने भरावे लागत. ग्राहकांना तो भाव परवडला नाही. इंटेलनेच २००१ मध्ये साधी एसडीरॅम चालवणारा ८४५ चिपसेट काढला, पुढे डीडीआरने बाजार जिंकला, आणि ज्यांनी आरडीरॅमवर पैसे घातले होते त्यांना ती वाढवणे जड गेले. डीडीआर ५ ची गत तशी होणार नाही, कारण इंटेल आणि रायझन बनवणारी एएमडी या दोन्ही प्रोसेसर कंपन्यांनी तिला स्वीकारले आहे. म्हणूनच तिची घाई करण्याचेही कारण नाही. आपण पुढे केव्हाही नवा संगणक घ्याल तेव्हा ती तिथे असेलच.

आपल्याच बोर्डावर अजून एक जागा शिल्लक आहे. बी ४५० च्या बहुतेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालतात. मेमरी वाढवूनही तयार पान निर्यात (एक्स्पोर्ट) करताना किंवा फिल्टर लावताना वेळ लागत असेल, तर पुढच्या वर्षी तेवढा प्रोसेसर बदलावा. बोर्ड, मेमरी आणि विंडोजची मांडणी आहे तशी राहील आणि एक दिवसही काम बंद ठेवावे लागणार नाही.

प्रश्न : मुलगी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी नवा संगणक जोडून घ्यायचा आहे. दुकानदार आय ५ १२४०० प्रोसेसर एच ६१० बोर्डासह देतो आहे आणि बोर्ड डीडीआर ४ चा हवा की डीडीआर ५ चा, असे विचारतो आहे. माझ्या बंद पडलेल्या संगणकातल्या डीडीआर ४ च्या ३२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन स्टिक माझ्याकडे आहेत. डीडीआर ५ च्या ६००० वेगाच्या स्टिक दुप्पट वेगवान असतात का?
एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या घरातल्या दोन स्टिक चांगल्या असतील तर या खरेदीचा निकाल त्यांनीच लावला आहे. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारच्या मेमरीवर चालतात, फक्त बोर्ड त्या त्या प्रकारचा घ्यावा लागतो. आपण डीडीआर ४ चा बोर्ड घ्यावा, हाताशी असलेले १६ जीबी वापरावेत आणि वाचलेले पैसे मोठी एसएसडी आणि चांगला मॉनिटर यांवर घालावेत. कॅडच्या, म्हणजे संगणकावर यंत्रभाग रेखाटण्याच्या, विद्यार्थिनीला त्यांचा उपयोग रोज होईल. त्याआधी मात्र त्या स्टिक मेमटेस्ट ८६ या मोफत प्रोग्रॅमने रात्रभर तपासून घ्याव्यात, कारण आधीचा संगणक कशामुळे बंद पडला ते आपण लिहिलेले नाही.

दुप्पट वेगाविषयी बोलायचे तर ६००० हा आकडा फसवा नाही, पण अपुरा आहे. मेमरीचा वेग दोन गोष्टींनी ठरतो : दार उघडायला लागणारा वेळ आणि दार उघडल्यावर एका दमात आत जाणारी माणसे. ६००० हा आकडा दुसऱ्या गोष्टीचा आहे. पहिल्या गोष्टीसाठी पाकिटावरचा सीएल हा आकडा पाहावा लागतो. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर ४ ची ३२०० वेगाची सीएल १६ असलेली स्टिक घेतली तर उत्तर १० येते. डीडीआर ५ ची ६००० वेगाची सीएल ३० असलेली स्टिक घेतली तरी उत्तर १० च. आणि सुरुवातीच्या काळात सर्रास विकली गेलेली ४८०० वेगाची, सीएल ४० ची डीडीआर ५ घेतली तर ते १६.७ होते, म्हणजे पहिला बाइट हाती यायला उलट जास्त वेळ. मोठ्या प्रमाणावर माहिती सलग हलवणारी कामे, जसे व्हिडिओचे एन्कोडिंग, फाइलींचे कॉम्प्रेशन किंवा सिम्युलेशनची गणिते, डीडीआर ५ वर ठळकपणे लवकर होतात. भाग रेखाटणे आणि जोडणी फिरवून पाहणे यांत ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचा एकेक गाभा (कोर) जास्त महत्त्वाचा ठरतो.

दुकानदाराने बहुधा न सांगितलेली एक बाब अशी, की एच ६१० चिपसेटवर मेमरीचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे नेता येत नाही. आय ५ १२४०० ची ती मर्यादा डीडीआर ५ साठी ४८०० आहे. तिथे ६००० ची महागडी जोडी लावली तरी ती ४८०० नेच चालेल आणि वरचे पैसे वाया जातील. ज्यांना वेगवान डीडीआर ५ खरोखर वापरायची आहे त्यांनी इंटेलमध्ये निदान बी मालिकेचा बोर्ड घ्यावा.

आपल्याकडे जुन्या स्टिक नसत्या तर मी वेगळे उत्तर दिले असते. सगळेच नवे घ्यायचे असेल तर एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) डीडीआर ५ घेणे मला योग्य वाटते, कारण २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, तर आपण विचारलेल्या इंटेलच्या बोर्डाचा सॉकेट १४ व्या पिढीपाशी संपला आहे. ग्राफिक्स कार्ड घ्यायचेच नसेल, तर डीडीआर ५ चे पारडे आणखी जड होते. रायझन ५ ८६०० जी सारख्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स संगणकाच्या मुख्य मेमरीवरच जगते, तेव्हा दोन स्टिकची वेगवान डीडीआर ५ त्याला थेट उपयोगी पडते.

प्रश्न : रायझन ५ ७६०० वर डीडीआर ५ च्या १६ जीबीच्या दोन स्टिक ६००० वेगाने छान चालत होत्या. तशाच आणखी दोन घेतल्या. आता सुरू करताना पडदा कितीतरी मिनिटे काळा राहतो आणि वेगही फार कमी दाखवतो. स्टिक सदोष आहेत का?
एक वाचक, कल्याण

उत्तर : बहुधा नाहीत. नवी मेमरी लावल्यावर एएम ५ बोर्ड प्रत्येक स्टिकसाठी विद्युतसंकेतांच्या वेळा जुळवून पाहतो. या क्रियेला ट्रेनिंग म्हणतात आणि पहिल्यांदा तिला काही मिनिटे लागू शकतात. घाबरून मध्येच बटण दाबून बंद केले तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वेगाचे म्हणाल, तर रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार स्टिकचा अवघा ३६००. आपल्या दोन स्टिक ६००० ने चालत होत्या ते एक्सपो, म्हणजे एएमडीच्या एक्सएमपीसारख्या, प्रोफाइलमुळे, म्हणजे अधिकृत मर्यादेच्या वर. एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या असल्या तरी दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्यांत चिप वेगळ्या असू शकतात, त्यामुळे चौघींना एकत्र त्या वेगाने चालवणे नशिबाचा भाग होतो. डीडीआर ४ वर चार स्टिकचा जुगार पुष्कळदा जमून जाई. डीडीआर ५ वर तो धरून चालू नये. ६४ जीबी खरोखर लागत असतील तर ३२ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात आणि या चारही परत करता किंवा विकता येतात का ते पाहावे. लागत नसतील तर नव्या दोन परत करून आधीच्याच जोडीवर समाधान मानावे, त्यात काहीही कमी पडणार नाही.

प्रश्न : माझे हिशेब लेखनाचे कार्यालय आहे. डीडीआर ५ मध्ये ईसीसी असते, त्यामुळे हिशेबाची माहिती कधीच बिघडत नाही, असे सांगून एका दुकानदाराने चारही संगणक बदलण्याचा सल्ला दिला. तो मानावा का?
एक वाचक, लातूर

उत्तर : या कारणासाठी मुळीच मानू नये. डीडीआर ५ च्या प्रत्येक चिपमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय, म्हणजेच ईसीसी, असते हे खरे आहे. पण ती त्या चिपच्या आत साठवलेल्या बिटांपुरती असते, आणि चिप अधिकाधिक दाट होत गेल्यामुळे उत्पादकांनाच तिची गरज पडली. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात झालेली चूक तिला दिसत नाही आणि काही बिघडल्याची सूचनाही ती विंडोजला देत नाही. सर्व्हरमध्ये असते ती खरी ईसीसी मेमरी वेगळी असते. तिच्या स्टिकवर त्यासाठी जादा चिप असतात, आणि प्रोसेसर व बोर्ड या दोघांचीही तिला साथ लागते. ती डीडीआर ४ मध्येही मिळते.

हिशेबाच्या कामाला ८ जीबी बहुधा पुरतात आणि १६ जीबी ऐसपैस होतात. चारांपैकी एखाद्या संगणकात अजून हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी घालावी, आणि विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती असेल तर ती आधी बदलावी, कारण ती ४ जीबीच्या वरची मेमरी वापरूच शकत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या संगणकांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, म्हणजे इंटेलच्या ८ व्या पिढीच्या किंवा रायझन २००० च्या आधीचे आहेत, तेवढेच बदलण्याचा विचार करावा. बाकीच्यांसाठी दुकानदाराला द्यायचे पैसे एका बाहेरच्या डिस्कवर आणि रोजच्या बॅकअपवर खर्च करावेत.